बातम्या दिल्लीच्या, अर्थ आष्ट्याचा

दिल्लीत काय घडते ते दिल्लीकरांना ठाऊक असते की नाही हे सांगता येणार नाही. परंतु ते का घडते, हे आष्ट्यात प्रत्येकाला ठाऊक असते. वाळवे तालुक्यातील या गावास १८५३ साली, म्हणजे सत्तावन सालच्या बंडालाही चार वर्षे अवकाश असताना, नगरपालिका लाभली, आणि तेव्हापासून राज्यकारभाराविषयी मत बाळगणे हा येथील रहिवाशाचा वंशपरंपरागत हक्क समजला जातो. हक्क बजावण्यास मात्र कच्चा माल लागतो; तो पुरविण्याचे पुण्यकर्म आकाशवाणीने केले.

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. गावकऱ्यांनी एकत्र बसून रेडिओ ऐकावा, ऐकल्यावर चर्चा करावी आणि चर्चेअंती काही करून दाखवावे, असा त्या प्रयोगाचा संकल्प होता. वरचा उत्तर सातारा घेतला, खालचे कोल्हापूर घेतले, आणि मधला दक्षिण सातारा, ज्यात त्या वेळी आष्टा मोडत असे, तेवढा वगळला. हा अन्याय झाला असे कित्येकांचे म्हणणे असले तरी मला त्यात योजनाकर्त्यांचे शहाणपणच दिसते. ज्यांना चर्चेस उत्तेजन द्यावे लागते त्यांच्यासाठी योजना असतात. आष्टेकरांना शिक्षण हवे होते ते ऐकण्याचे, आणि ते युनेस्कोच्याही आवाक्याबाहेरचे होते.

आमचे श्रोतृमंडळ बी-बियाणांच्या एका दुकानाच्या कट्ट्यावर, कोणाच्याही अनुदानावाचून, भरत असे. दुकानदाराने दरसाल टपाल कचेरीत परवान्याची फी भरावी आणि सरकारने त्या पैशांच्या मोबदल्यात स्वतःची स्तुती ऐकवावी, असा तो न्याय्य व्यवहार होता. या सभेचे अध्वर्यू अण्णा. ते पेशाने तलाठी असल्याकारणाने लिहिलेल्या मजकुरावर त्यांचा विश्वास अर्थातच कमी होता. "बातमीचा बी सातबारा असतोय," ते म्हणत. "मालक वरच लिहिल्याला असतोय, पर बोजा कुणाचा हाय ते इतर हक्कात बघायचं." त्यामुळे दोन राष्ट्रांच्या प्रतिनिधींत मनमोकळी चर्चा झाली असे निवेदिकेने गंभीर स्वरात सांगितले की भांडण हातघाईवर आले असावे, आणि अमुक मंत्र्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला असे कळले की ती प्रकृती पंतप्रधानांची असावी, हे कट्ट्यावर निराळे सांगावे लागत नसे.

१९६२ साली देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिंदुस्थानचे राजकारण हा आमच्या जिल्ह्याचा घरगुती मामला होऊन बसला. पुढच्याच साली सांगलीस आकाशवाणीचे केंद्र निघाले. वीसेक किलोमीटरवरून येणाऱ्या त्या सुस्पष्ट आवाजात हळदीवरील करपा आणि उसावरील कीड यांची माहिती मिळू लागली. परंतु कट्ट्याची अडचण अशी झाली की खरखर नाहीशी झाल्याने, जे ऐकू आले नाही ते आपल्या मनाचे घालण्याची जुनी मुभा संपुष्टात आली.

२६ जून १९७५ रोजी सकाळी पंतप्रधानांनी स्वतः आकाशवाणीवरून आणीबाणी जाहीर केली आणि घाबरून जाण्याचे कारण नाही असे सांगितले. त्याबरोबर कट्टा घाबरला. कारण तोवर सरकारने असे आश्वासन आपण होऊन कधी दिले नव्हते. अण्णा सरकारी नोकर, त्यामुळे पुढील एकवीस महिने त्यांचे सर्व भाष्य पर्जन्यमानाच्या परिभाषेत झाले. "हवा दाबाची हाय," एवढेच ते म्हणत, आणि लोक समजून घरी जात. मार्च १९७७ मध्ये त्यांनी पाऊस उघडल्याचे जाहीर केले, तेव्हा वस्तुतः रणरणते ऊन होते. त्या वेळच्या लोकसभा निवडणुकीत विरोधी पक्षांना प्रथमच आकाशवाणीवरून बोलण्याची संधी मिळाली. त्याच डब्यातून सरकारची निंदा ऐकू येताच एका वृद्ध गृहस्थांनी रेडिओ दुरुस्तीस पाठवावा असे सुचविले.

पुढे वर्गीस समितीने आकाशवाणीच्या स्वायत्ततेची शिफारस केली, प्रसार भारतीचा कायदा १९९० साली संमत झाला, आणि तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. अण्णा एव्हाना सेवानिवृत्त झाले होते, तरी निकाल त्यांनी दप्तरी शिस्तीतच दिला: "फेरफार झाला, नाव लागलं. कब्जा कुठाय?" या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने दिलेले नाही, आणि विरोधात बसलेल्या प्रत्येक पक्षाने तो विचारलेला आहे.

आता दूरचित्रवाणीच्या खासगी वाहिन्यांवर बातमीच्या आधी भाष्यकार येतात, एकाच वेळी आठजण ओरडतात, आणि इतर हक्कांचा रकाना तेच भरून देत असल्याने श्रोत्याला करण्यासारखे काही उरत नाही. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे, हे माझ्या मते लोकशाहीला धरून नाही; मात्र त्या वाहिन्या ऐकल्यावर ती बंदी घालणाऱ्याबद्दल क्षणभर आदर वाटतो.

जून २०२३ मध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा हुकूम निघाला, आणि राज्यभर ओरड होताच तो तहकूब झाला. ज्यांनी त्या बातम्यांना जन्मभर सरकारी म्हणून हिणवले तेच आष्टेकर या वेळी सर्वांत अधिक खवळले होते. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: सकाळी सात-दहाला बातम्याच लागल्या नाहीत, तर दिवसभर अविश्वास ठेवायचा कशावर?

तेव्हा आकाशवाणीच्या चालकांस आष्ट्याच्या वतीने इतकीच विनंती आहे की बातम्या द्याव्यात, सावकाश द्याव्यात, आणि हातून घडल्यास थोड्या विरोधकांच्याही द्याव्यात. परंतु त्यांचा अर्थ मात्र सांगू नये. ते काम येथे पूर्वापार चालू आहे, आणि त्याबद्दल आम्ही सरकारकडून एक पैही घेत नाही.