जिप्सी मिसिंग मारते

ठाण्यात माजिवड्यापासून ओवळ्यापर्यंत घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना जेवढे टॉवर उभे राहिलेत, त्यांतल्या निम्म्यांच्या पार्किंगमध्ये तरी एक जुनी मारुती जिप्सी असावी. रविवारी सकाळी तिच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला एक गृहस्थ दिसतो. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी वातानुकूलित, नखं मात्र काळी. सोसायटीत त्यांचं आडनाव कुणाला ठाऊक नसतं. सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते 'जिप्सीवाले'.

जिप्सी 1985 मध्ये आली, 970 सीसीचं इंजिन घेऊन. 1996 मध्ये 1300 सीसीची 'किंग' आली आणि 2000 मध्ये कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. जिप्सीवाल्यांचा इतिहास इथे संपतो. "इंजेक्शनवाली काय, कुणीही चालवेल," असं ते म्हणतात, कारण त्यांची कार्बोरेटरवाली आहे. ही गाडी लष्करात राबली, ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना घेऊन फिरली. यांची मात्र येऊरच्या पुढे फारशी गेलेली नाही. फोर-लोचा दांडा पडतो तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता, बेसमेंटच्या उतारावर.

दुखणी दोन. गायमुखचा चढ लागला की गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटतच नाही, आणि ट्रॅफिकमध्ये अडकली की गरम होते. या दोन्हींसाठी घोडबंदर रोडइतकी सोयीची जागा जिल्ह्यात नाही. गुजरातकडे निघालेले कंटेनर, मेट्रोच्या कामाने चोरलेली लेन आणि शेवटी घाट. रेडिएटरला धावताना मिळणारा वारा इथे मिळतच नाही. सगळी भिस्त पंख्यावर.

निदानाच्या बाबतीत जिप्सीवाल्यांना नावं ठेवायला जागा नाही. रखडताना काटा चढतो आणि मोकळ्या हायवेवर उतरतो, म्हणजे दोष पंख्याचा नाहीतर बेल्टचा. उलट, पळवताना चढतो, म्हणजे रेडिएटर आतून क्षाराने बुजलाय. जोर लावला की मिसिंग येतं, तेव्हा आधी करंट बघायचा: प्लग, वायरी, डेल्कोची (म्हणजे डिस्ट्रिब्यूटरची) टोपी, रोटर. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढूनही आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर मेलेला. हे सगळं ते लिफ्टमध्ये, तिसऱ्या ते अकराव्या मजल्यादरम्यान, समोरच्याची इलेक्ट्रिक स्कूटर असली तरी समजावून सांगतात.

गडबड होते ती पुढे. एवढं ज्ञान असलेला माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलून बघेल की नाही? नाही. एका रविवारी प्लग नवे, वायरी नव्या, कार्बोरेटर साफ, कूलंट बदललं, बेल्ट ताणला आणि जाता जाता डेल्को जरा फिरवून टायमिंगही 'कानाने' लावलं. मिसिंग गेलं. कशाने गेलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वर टायमिंग मागे पडलं, ठिणगी उशिरा पडू लागली, जळण्याची उष्णता इंजिनातच मुरू लागली आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापू लागली. आता जिप्सीवाले चेहरा गंभीर करून म्हणतात, "हेड गॅस्केट." त्याहून लहान आजार आपल्या गाडीला शोभत नाही, असं त्यांना वाटतं. गॅस्केट उडालं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ होतं, हेही तेच सांगतात. यातलं काहीच झालेलं नसतं.

गॅरेजवाल्याचा सल्ला ठरलेला: "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकट नको." यावर त्याला व्याख्यान मिळतं. ब्याऐंशी अंशांच्या आसपास उघडणारी ती झडप इंजिनाला नीट तापू देते, ती काढली तर पेट्रोल जास्त जळतं, वगैरे. गॅरेजवाला ऐकता ऐकता चहा संपवतो आणि रेडिएटरचं झाकण हातात घेऊन उलटं करतो. आतलं रबर चिरलेलं, कडक झालेलं. ते झाकण साधारण 0.9 किलोचा दाब धरतं, म्हणून आतलं पाणी शंभराऐवजी एकशेअठरा अंशांच्या पुढे उकळतं. दाब धरला नाही तर शंभरालाच उकळी आणि रस्त्यावर वाफ. दुरुस्ती म्हणजे एक नवं झाकण. जिप्सीवाल्यांचा चेहरा पाहवत नाही.

मिसिंग पुढे परत आलंच. त्याचा छडा लागला तो जुलैच्या एका रात्री. त्यांनी वॉचमनला पार्किंगचे दिवे घालवायला लावले, इंजिन चालू केलं आणि वायरींवर पाण्याचा फवारा मारला. तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीतून निळी ठिणगी सरळ लोखंडावर उडत होती, टिक टिक टिक. "दिसलं?" ते आनंदाने ओरडले. वॉचमन म्हणाला, "साहेब, आग लागेल." वरून बायकोचा आवाज आला, "अहो, जेवायला येताय ना?" ते गेले साडेअकराला.

गाडीला 15 वर्षं झाली तेव्हा पुन्हा नोंदणी आणि वर पर्यावरण कर भरावा लागला. तो त्यांनी हसत भरला. विकायचं नाव काढलं की ते ऐकू येत नसल्यासारखे पान्याने काहीतरी आवळू लागतात.

तेव्हा गायमुखला बॉनेट उघडी टाकून उभी असलेली एमएच-04 जिप्सी दिसली तर जरूर थांबा, पाणी द्या. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण मात्र त्यांना उघडू देऊ नका, हात भाजेल. आणि घाई असेल तर "काय झालं?" असं अजिबात विचारू नका.