रिपीटर

लातूरचा आमचा भाऊ लॉग वाचत नाही. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम तो औसा रोडवरच्या घरातून करतो, मी नांदेडहून. कोड तपासणाऱ्या पाइपलाइनमधला एखादा जॉब फेल जाऊन लाल झाला, की मी चष्मा शोधेपर्यंत यानं रीट्राय दाबलेलं असतं. "होतंय की. रनरचा मूड नसंल," म्हणत तो चहा ठेवायला जातो. चहाला उकळी येते तोवर जॉब हिरवा! आता चिडायचं तरी कशावर?

ही श्रद्धा उगीच आलेली नाही. नांदेडच्या गुरुगोविंदसिंगजी कॉलेजात इंजिनिअर होण्याआधी, डॉक्टर व्हायचं म्हणून भाऊ लातुरात दोनदा रिपीट झालाय. तिथं रिपीटर ही शिवी नाही, बॅचचं नाव आहे. गिटलॅबच्या फाइलीत त्यानं एकदा रीट्रायपुढं थेट 5 लिहिलं. गिटलॅब 2 च्या वर जाऊ देत नाही. अख्खी फाइलच परत आली. भाऊ दिवसभर घुश्श्यात. "म्हणजे सगळे मिळून तीनच अटेम्प्ट? आरं, नीटला पण एवढी कंजुषी नाही!"

घरात वेगळाच घोळ. "पाइपलाइन फेल गेली," असं हा फोनवर ओरडला, की आतून काकू हंडे घेऊन नळाकडं धावतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव ते. तिथं हा शब्द जपून वापरावा.

एकदा 137 नंबरचं एरर आलं. म्हणजे बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते आणि सिस्टीमनं जॉबला जागीच मारलेलं असतं. भाऊनं त्या मेलेल्याला सात वेळा उठवलं. शेवटी मी गुपचूप मेमरी वाढवली. जॉब हिरवा झाल्याबरोबर ग्रुपवर याचा मेसेज : "बोललो नव्हतो?"

पण कहर केला तो तारखेच्या टेस्टनं. रात्री बाराला लाल झालेला जॉब भाऊ दर अर्ध्या तासाला दाबत बसला. पहाटे आंघोळ केली, सिद्धेश्वराच्या फोटोला हात जोडले, साडेपाचला दाबलं आणि हिरवं! मी लॉग उघडला. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. टेस्टला हवी आपली आजची तारीख, सर्व्हर देतोय कालची. पहाटे साडेपाचला तिकडंही मध्यरात्र उलटते आणि दोन्ही तारखा जुळतात. हे सगळं मी त्याला कागदावर काढून, त्याचा फोटो पाठवून समजावलं. भाऊनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मी काय वेगळं म्हणलो? पहाटेचंच दाबायचं."

ती टेस्ट दुरुस्त करायला दोन ओळी पुरतील. मला त्या पाठ आहेत. सहा महिने झाले. रात्री लाल दिसलं, की मीही आता साडेपाचचा गजर लावून झोपतो.