काना कुठे मावला?

चौथीत असताना मी एकदा 'ध चा मा' केला. आईने शिसपेन्सिलीने वाण्याची चिठ्ठी लिहिली होती: तूरडाळ १ किलो, गूळ अर्धा किलो, लिमलेटच्या गोळ्या ४. त्या चारापुढे मी निळ्या बॉलपेनने एक शून्य काढलं. वाण्याने निमूट चाळीस गोळ्या पुडीत बांधल्या, वहीत मांडल्या आणि चिठ्ठी तारेच्या आकड्याला टोचून ठेवली. तारीख होती २८. खातं १ तारखेला चिठ्ठ्यांसकट घरी येतं, हे आम्हाला चौथीच्या इतिहासात नव्हतं.

तेव्हापासून आनंदीबाईंबद्दल मला समव्यावसायिकाचा आदर आहे. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बाईंच्या यजमानांनी, म्हणजे पेशव्यांचे काका राघोबादादांनी, गारद्यांना लिहून दिलं 'नारायणरावांस धरावे', बाईंनी त्याचं 'मारावे' केलं आणि ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात १८ वर्षांच्या पेशव्याचा खून झाला. खून खरा, कागदाची गोष्ट मात्र अनेक अभ्यासक दंतकथेत जमा करतात. माझी शंका निव्वळ कारागिराची आहे. ध चा म एकवेळ होईल हो, पण काना? कारभाराचे कागद मोडीत. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेणार, मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत सुटणार. दोन शब्दांच्या मध्येही जागा सोडायची नाही. त्या दाटीत बाईंचा काना कुठे मावला असेल? शिवाय शाई तीच हवी. माझ्या चारापुढे तर अख्खी ओळ मोकळी होती, तरी पकडला गेलो.

शाईवरूनच. बाबांनी चिठ्ठी, पेन्सिल आणि बॉलपेन माझ्यासमोर ओळीने मांडलं आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांसारखे मांडी घालून बसले. ओरडले असते तर परवडलं असतं.

मी उठलो तो धूम माजघरात, आणि आरामखुर्चीत पेपर वाचणाऱ्या काकांना गच्च मिठी मारली. 'काका, मला वाचवा' हेही नारायणरावांचं, शनिवारवाड्यातल्या त्याच दुपारचं. आपली भाषा कुणाच्या मरणावर काय काय कमावून ठेवते!

काकांनी पेपर जरा वर धरला. मी पुन्हा हाक मारली. काका गप्पच. बोलणार कसे? गालाला डाव्या बाजूने लिमलेटच्या गोळीएवढा फुगवटा आला होता.