गाडी टायर खाते

निवृत्तीच्या पैशातून काय घेऊ नये याची एक यादी आमच्या हिने फ्रीजवर चिकटवली आहे आणि तिच्यातला पहिला शब्द 'ट्रक' हा आहे. यादी मी ट्रक घेतल्यानंतर लागली, हा भाग वेगळा.

बत्तीस वर्षं बँकेत बसून मी लोकांच्या ट्रकांची कर्जं मंजूर केली. त्यामुळे ट्रकला चाकं सहा असतात आणि हप्ते साठ, एवढं ज्ञान माझ्यापाशी होतं. तेवढ्या भांडवलावर सांगलीची हळद वाशीच्या मार्केटात पोचवायला मी एक जुनी सहाचाकी घेतली आणि ती चालवायला एक अनुभवी ड्रायव्हर ठेवला. त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. कोण कुणाला मामा बनवतंय, हे ठरायला सहा महिने लागले.

"मालक, गाडी टायर खायला लागलीया," एक दिवस मामा म्हणाले. गाडी डिझेल खाते, टोल खाते, माझी झोप खाते हे माहीत होतं, आता टायरही? मामांनी माझा हात धरून पुढच्या टायरवर फिरवला. बाहेरून आत नेला तर साबणासारखा सरकला, आतून बाहेर आणला तर किसणीवर घासल्यासारखा झाला.

"टो गेलाय," मामा म्हणाले.

"मग नवा आणू की. केवढ्याला मिळतो?"

मामांनी तंबाखू मळायला घेतली. पुढची दोन चाकं एकमेकांकडे जरा कलून बघतात, त्या कलण्याला टो म्हणतात, असं त्यांनी नंतर सांगितलं. दोन-चार मिलिमीटरचा मामला, पण चाकं प्रमाणाबाहेर एकमेकांकडे बघायला लागली की पळता पळता टायर रस्त्यावर आडवा घासत जातो. आमच्या चाळीतही असंच व्हायचं, फक्त तिथे टायर नव्हते.

झालं, मला अभ्यास चढला. लेजरसारखी रेघा मारलेली वही केली. टायर मधे झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बघा. जागोजाग खळगे पडले तर शॉकअॅब्सॉर्बर, बेअरिंग नाहीतर बॅलन्स. आठवड्याभरात मी सोसायटीतल्या स्कूटरांचे टायर बघून मालकांचे स्वभाव सांगू लागलो. लोक रस्ता बदलू लागले.

मग आली प्रत्यक्ष तपासणी. अॅक्सलखाली जॅक लावायचा, चाक अधांतरी करायचं, वर-खाली धरून हलवायचं. चाक खडखडलं की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं; खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, चालूच राहिली तर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा. मामा चहाला गेले होते, म्हणून मी हिला केबिनमध्ये चढवलं. ती नऊवारी नेसल्यासारखा पदर खोचून बसली आणि "दाबलाय हो!" म्हणाली. मी हलवलं. खडखड. "किंगपिन!" मी आर्किमिडीजच्या थाटात ओरडलो. तेवढ्यात मामा आले आणि वर बघून शांतपणे म्हणाले, "वहिनी, तो क्लच हाय."

मामांनी ब्रेक दाबला. तरीही खडखड. म्हणजे निदान माझंच बरोबर होतं, पण त्याचा आनंद मिळायच्या आत मामांनी विचारलं, "गाडीला ग्रीस कवा मारलंय?" मी खर्चाची वही उघडली. मार्च महिन्याच्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ग्रीस – अनावश्यक खर्च – बंद.'

किंगपिन आणि बुश बदलले. बिल बघून मला काटकसरीचा झटका आला आणि उजवं चाक परत बसवायची मजुरी वाचवायला मी स्वतः पाना घेतला. दहा नट एकापाठोपाठ एक, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, भक्तिभावाने आवळले.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घेतली आणि मामांशेजारी बसून निघालो. पन्नासपर्यंत गाडी सुशील. साठला स्टेअरिंग असं थरथरायला लागलं की मामांच्या मनगटावरचं घड्याळ वाचता येईना. पासष्टच्या पुढे गेलं की पुन्हा शांत. ब्रेक मारला तरी थरथर वाढत नव्हती, म्हणजे ड्रम वाकडा नाही, असं मी वहीत लिहिलं. अक्षर नंतर मलाच लागलं नाही. मग पुढच्या फेऱ्यांमध्ये मी चाकं बॅलन्स करून घेतली, टायर बदलून बघितला, स्टेअरिंग बॉक्सवर संशय घेतला, खंबाटकी घाटाला दोष दिला आणि शेवटी मामांच्या हाताला कंप आहे का, हे हळूच विचारलं. त्यानंतर वाशीपर्यंत मामा बोलले नाहीत.

परतीला कराडजवळच्या एका मिस्त्रीने चाक उचललं, रिमजवळ खडूचा तुकडा स्थिर धरला आणि चाक हाताने फिरवलं. खडू एकाच बाजूला घासत होता. चाक हबवर मधोमध बसलंच नव्हतं.

"नट कुनी आवळलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोठं मन.

मिस्त्रीने सगळे नट ढिले केले. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, मग डावीकडचा, मग उजवीकडचा, असे समोरासमोर थोडे थोडे आवळत नेले. "ह्येला प्रदक्षिणा चालत न्हाई. शंभर किलोमीटरवर परत एकदा आवळा," एवढंच म्हणाला. पंधरा मिनिटं लागली. मी तीन आठवडे घालवले होते.

आता वहीत ग्रीसचा कॉलम लाल शाईने आखलाय, आणि आवळायचा क्रम मी इतका घोकलाय की परवा शनिवारी मारुतीला फेऱ्या घालताना एका कोपऱ्यावरून सरळ समोरच्या कोपऱ्याकडे निघालो, थेट गाभाऱ्यातून. पुजाऱ्याने दंड धरून विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

म्हटलं, "हो. अजून आठ राहिलेत."