खुळखुळ की खडखड?

आवाजावरून निदान करण्याचे शास्त्र आपल्या जिल्ह्याला नवे नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे वाजवून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते सांगितले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. जुनी गाडी बाळगणाऱ्याने या कथेतून एवढेच घ्यावे की ठोकल्याशिवाय काही कळत नाही, आणि ठोकल्यावर जो कुरकुरेल त्याचेच काम निघते.

माझी गाडी एमएच-२५ पासिंगची मारुती ८००. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन. तीन सिलिंडरचे इंजिन उभ्या जागी थोडे थरथरणारच, त्याला आजार समजू नये. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. एवढ्या काळात घराघरातून ती फिरली असल्याने धाराशिवच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तिच्या पोटातले कळणारे चार जण तरी हजर असतात. बोनेट उघडण्यापूर्वी टपरी टाळावी, ही पूर्वतयारी.

आता मुख्य विद्या. आवाज तोंडाने काढून दाखवता आला पाहिजे. मिस्तरी विचारतो, “मालक, आवाज कसा येलालाय?” अशा वेळी “जरा विचित्र” असे उत्तर देणारा माणूस दिवसभर बाकावर बसतो. मराठीने आपल्याला शब्द दिलेत, ते वापरावेत, पण तोलून वापरावेत. एकेका अक्षराला पैसे पडतात. “टिकटिक” म्हणालात तर टॅपेट. फीलर गेज घालून गॅप बसवला की भागते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ही टिकटिक इंजिनाच्या मानाने संथ, गोंधळातल्या संबळासारखी ठेक्यात येते. पण घाईत तोंडातून “ठकठक” गेले, की मिस्तरी हातातला पाना खाली ठेवतो. ठकठक म्हणजे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, म्हणजे इंजिन काम, म्हणजे पोराच्या कॉलेजची फी. खरी ठकठक चढावर वाढते. सोलापूरहून येताना तुळजापूरच्या घाटात ती ऐकू आली तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. देवीला हाक मारायची ती त्यानंतर.

सकाळी “चीं” करून ओरडतो तो फॅन बेल्ट. चालू इंजिनावर लांबून त्याच्यावर चमचाभर पाणी उडवावे. क्षणभर गप्प बसला तर झिजून गुळगुळीत झालाय किंवा पुली सरळ रेषेत नाही. जास्तच ओरडला तर सैल आहे. (नातेवाइकांवर हा प्रयोग करू नये.) घरघर असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक वॉटर पंपावर किंवा अल्टरनेटरवर टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. आतले बेअरिंग सगळे बोलून मोकळे होते. उपरण्याचे टोक मात्र कमरेला खोचलेले हवे.

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि आवाज आलाच नाही, तर तो बहुधा इंजिनाचा नव्हेच, चाकाकडे बघा. ऑइलची पट्टी तर सगळ्यांच्या आधी बघायची असते. पण ती बघितली की निम्मे आवाज तिथेच कळतात आणि चर्चेला काही उरत नाही, म्हणून आपल्याकडे ती शेवटी बघतात.

माझ्या गाडीचा आवाज यातल्या कशातच बसत नव्हता. तो “खुळखुळ” होता. कळंबहून दुपारी परतलो, गाडी दारात उभी केली, की इंजिन चालू असताना मिनिटभर खुळखुळे. मग गप्प. गॅरेजवर नेली तर एक शब्द बोलेना. शेजारच्या काकांनी टायमिंग बेल्ट सांगितला. मेहुण्यांनी पिस्टनच्या रिंगा सांगितल्या. एकाने गाडी विकून टाका म्हणून सांगितले आणि गिऱ्हाईक म्हणून स्वतःचेच नाव दिले.

तीन हेलपाट्यांनंतर मिस्तरी म्हणाला, “तुम्ही करून दाखवा की.” मी गॅरेजच्या दारात, रस्त्याच्या तोंडाशी, गाल फुगवून खुळखुळ करून दाखवली. दोन पोरे थांबून बघू लागली. मिस्तरीने डोळे मिटून ऐकली, इंजिन चालू करून तसेच ठेवले आणि चहा सांगितला. चहा संपता संपता इंजिन पुरेसे तापले, रेडिएटरचा पंखा आपोआप लागला आणि खुळखुळ सुरू झाली. पंखा थांबला, तीही थांबली. सकाळी गार गाडी गॅरेजवर न्यायची आणि लगेच बंद करायची, हीच माझी चूक होत होती.

त्याने इंजिन बंद केले, बॅटरीची वायर काढली आणि पंख्याच्या कडेतून बोटे आत घातली. हातात तुरीची वाळली काडी आली, तिला पाच-सहा शेंगा. मळणीसाठी रस्त्यावर पसरलेल्या तुरीवरून मी गेलो होतो, शेतकऱ्याला तेवढीच मदत म्हणून. पंख्याच्या वाऱ्यावर शेंगा हलत होत्या, एवढेच.

“किती झाले?” मी विचारले.

मिस्तरीने एक शेंग अंगठ्याने फोडली, दाणा दाढेखाली धरला. कट्‌कन वाजला.

“वाळलीय,” तो म्हणाला. “आता पोत्यात भरा म्हणावं.”