शार्प माणूस

आंब्याच्या मोसमात प्रत्येक सोसायटीत एका माणसाचा भाव हापूसच्याही वर जातो. हे काका स्वतः पेटी घेत नाहीत, दुसऱ्यांना घेऊन देतात. चाणाक्ष, धोरणी, बेरकी असे एकाहून एक शब्द हाताशी असताना सोसायटी त्यांना ‘शार्प’ म्हणते. बेरकी म्हटलेलं त्यांना आवडत नाही. लागू मात्र तोच पडतो.

पुण्याच्या मार्केट यार्डात काका शिरतात ते हात मागे बांधून. विक्रेता “देवगड आहे साहेब” म्हणाला की ते आंब्याकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. तो चुळबुळला की पहिला डाव काकांचा. मग पेटीतला पेंढा सारून वरचा थर तसाच ठेवायचा आणि तळाचं फळ उपसायचं. अंगठ्यानं साल चाचपायची; जाड लागली तर “हा कर्नाटकातून आलाय” असं पुटपुटायचं. देठाशी नाक नेऊन डोळे मिटायचे. तेवढ्यात गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघंही श्वास रोखून उभे. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तर ते अशा सुरात ऐकवतात की अर्ज यांनीच भरला असावा.

“घेऊ ना, काका?” शेजारच्या वहिनी विचारतात.

“घ्या की. फळ उत्तम आहे. पण यंदा उष्मा फार. आंब्याच्या पोटात कोण शिरलंय?”

काकांची सगळी कर्तबगारी या ‘पण’मध्ये. हापूसमध्ये साका असला तर तो बाहेरून कुणालाच दिसत नाही. कापल्यावरच आतला पांढरट, आंबूस गर समोर येतो. त्यामुळे आंबा गोड निघाला तर निवड काकांची, साका निघाला तर इशारा काकांचा. इतकी वर्षं माणूस चुकलेला नाही, तो असा.

एकदा वहिनींचा कृषी पदवीधर भाचा सोबत होता. तो म्हणाला, “रत्ना घ्या ना. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं १९८१ मध्येच आणलाय. त्यात साका नसतो.”

काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “ज्यात साकाच नाही, त्या आंब्याचा भरवसा काय?”

वहिनींनी मुकाट्यानं हापूसचे पैसे मोजले. काकांनी पेटीतली दोन फळं उचलून पिशवीत टाकली. “ही माझ्या अढीत ठेवतो. कशी पिकतात बघू, मग नक्की काय ते सांगतो.”