जो ओरडेल त्याचा हप्ता

कर्जफेडीच्या बाबतीत आमच्या बिदरची परंपरा फार थोर आहे. मराठी मुलखात सगळ्यात गाजलेली फेड बिदरच्या दरबारात झाली. पंधराव्या शतकातला दुष्काळ. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली, बिदरच्या बादशहानं हिशेब मागितला, आणि पंत अजून वाटेतच होते तोवर पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन दरबारात हजर झाला, थैली रिकामी केली, चुकते पैसे मोजून दिले. महिपतींच्या ‘भक्तविजया’तली ही कथा आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिचा परिणाम असा की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात कर्जाच्या कागदावर सही करणारा प्रत्येक मराठी माणूस मनातल्या मनात विठूच्या भरवशावर सही करतो.

पण कथेतली एक बारीक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. प्रत्यक्ष देवानंसुद्धा पैसे भरल्यावर पावती घेतली. ती पुढं पंतांना पोथीत सापडली. मी सहकारी बँकेत कॅशियर होतो. त्यामुळं कीर्तनात बाकीच्यांचे डोळे विठूपाशी भरून येतात, माझे पावतीपाशी.

आमचे दाजी त्या बाकीच्यांतले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. भालकी तालुक्यात सोयाबीन-तुरीचं रान, गावात चिरेबंदी वाडा, आणि स्वभाव त्या वाड्याहून ऐसपैस. दारात आलेल्याला खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा नेम, आणि त्यातून वसुलीला आलेलेही सुटले नाहीत. एका फायनान्सवाल्या पोराला त्यांनी असा काही आग्रह केला की ते बिचारं हप्त्याऐवजी हुरड्याची पिशवी घेऊन परत गेलं. साहेबानं त्याला काय विचारलं असेल ते असो.

पहिलं कर्ज बोअरचं. सहाशे फुटांपर्यंत नुसता धुरळा. दुसरं कर्ज दुसऱ्या बोअरचं, कारण पहिल्याची फक्त जागा चुकली होती, हे पाणाड्यानं छातीठोकपणे सांगितलं. मग लेकीचं लग्न. सोयरीक आळंदची, माणसं मोठी, म्हणून मांडव त्याहून मोठा. मग एक टीव्ही, एक फटफटी आणि एक मोबाइल, तिन्ही ‘आत्ता काहीच भरायचं नाही’ या अटीवर. त्यानंतरची सगळी कर्जं आधीच्या कर्जांचे हप्ते भरायला काढलेली. याची टोपी त्याच्या डोक्याला घालणं हा तसा जुना धंदा आहे, पण त्यात डोकी वाढत जातात आणि टोपी एकच राहते, हे दाजींना उशिरा कळलं.

एक गोष्ट मात्र मानायला पाहिजे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्यावर आजवर हजारो भाषणं झाली. त्या घटनेचा रोख फायदा घेतलेला माणूस मी एकच बघितला, तो म्हणजे आमचे दाजी. फोनवर वसुलीवाला कन्नडमधून बोलला की दाजींना फक्त मराठी येई. मराठीतून बोलला की दाजी अस्खलित कन्नडमध्ये शिरत. असं बरेच दिवस चाललं. मग कुणीतरी कलबुर्गीचा पोरगा कामावर घेतला. त्यानं थेट दखनीत सुरुवात केली, “पैसे कब डालते जी? बाताँ नक्को!” आणि दाजींची सीमा संपली.

तेव्हा अक्कानं मला निरोप धाडला. दिवस तिनंच निवडला, येळवसेचा. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं दिवाळीहून मोठी. सगळा गाव रानात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. “त्या दिवशी वसुलीवालेबी आपापल्या रानात असतेत,” अक्का म्हणाली. “निवांत बसता येतंय.” कर्जबाजारी घरात निवांत दिवस कोणता, एवढा सूक्ष्म अभ्यास तिचा झाला होता.

मी दोनशे पानी वही घेऊन गेलो. दाजी आंबिलीचा तांब्या हातात धरून म्हणाले, “पाहुणं, काय करलालाव? वहीत लिवल्यानं काय कर्ज फिटतंय?”

“फिटत नाही. पण किती हाय ते तरी कळतंय.”

“ते कळू नये म्हणून तर लिवत नाही!”

इथं मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण मुद्दा बिनतोड होता. बँकेत मी असे पुष्कळ कर्जदार बघितले. एकूण रक्कम विचारली की माणूस डॉक्टरला दारू सांगावी तशी सांगतो, निम्मी. दाजींनी ‘असेल दीड-दोन लाख’ म्हणून सुरुवात केली. अक्कानं चुलीपासूनच ‘भिशी धरली का?’ विचारलं. मग ‘जावेचे पंधरा हजार’. मग ‘माझ्या बचत गटाचे तुम्ही नेलेले’. आंबील संपेपर्यंत आकडा साडेसहा लाखांवर गेला आणि दाजी कडब्याला टेकले.

आठवणीतून निसटलेलं कर्ज पकडायला मी मोबाइलवर त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. असा रिपोर्ट ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात फिटलेल्या टीव्हीचं कर्ज अजून उघडं दिसत होतं. दाजींची पावती घ्यायची राहिली होती. पांडुरंगाला सुचलं ते यांना सुचलं नव्हतं. स्कोअर निघाला 540. दाजी एकदम ताठ बसले. “पाचशे चाळीस? मॅट्रिकला मला एवढे नव्हते पडले!” हा आकडा नऊशेपैकी असतो आणि मोजणी तीनशेपासून सुरू होते, म्हणजे काही न लिहिता तीनशे मार्क मिळतात, हे मी सांगितलं नाही. सणाचा दिवस होता.

खरी गंमत पुढं आली. हाती पैसा आला की दाजी आधी कुणाला देतात, हे मी विचारलं. उत्तरावरून कळलं की दाजींचा क्रम आवाजावर ठरतो. जो दारात जास्त ओरडेल त्याचा हप्ता आधी. फायनान्सवाला वाड्यासमोर मोटरसायकलचा हॉर्न वाजवायचा, त्याला पहिला मान. मग फोनवाले. सोसायटीचा सेक्रेटरी ओरडत नव्हता, पण तो नात्यातला, म्हणून त्याचं पीककर्ज मुदतीच्या चार महिने आधी भरून टाकलेलं. आणि सावकार अगदी गोड बोलायचा. “दाजीसाब, मुद्दलाची घाई नक्को. फक्त बड्डी देत जावा.” बड्डी म्हणजे व्याज. म्हणून त्याचं मुद्दल तसंच.

मी वहीत प्रत्येकासमोर व्याजाचा दर मांडला. पीककर्ज: सहकारी सोसायटीचं पाच लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं कर्ज कर्नाटकात मुदतीत फेडलं तर बिनव्याजी. म्हणजे शून्य टक्क्याचे पैसे दाजींनी चार महिने आधी नेऊन दिले होते, आणि ते सुद्धा सावकाराकडून उचलून. सावकाराचा दर शेकडा पाच रुपये महिना. ऐकायला पाच म्हणजे पानतंबाखूचा खर्च वाटतो, पण वर्षाचे ते साठ टक्के होतात. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार. चार वर्षांत एक लाख वीस हजार दिले होते आणि पन्नास हजार जागेवर होते, एखाद्या देवस्थानच्या मूर्तीसारखे, नुसती पूजा घेत. क्रेडिट कार्डाचे महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे बेचाळीस, व्याजावर जीएसटी वेगळा. आणि दाजी दरमहा इमानानं ‘कमीत कमी देय’ एवढीच रक्कम भरत होते. बँकेनं सांगितलं तेवढं भरतो, मग थकतं कसं, हा त्यांचा प्रश्न. बँक तेवढंच का सांगते, हे माझं उत्तर. ते त्यांना फारसं आवडलं नाही.

मिळकतीच्या पानावर दाजींनी राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार लिहिले. अक्कानं उठून ते खोडले. “ते माझ्या खात्यात येतेत.” त्यावर चर्चा झाली नाही.

आता सावकाराकडं चेक अडकले होते, सही केलेले आणि कोरे. दाजी म्हणाले, “विश्वासाचा माणूस हाय.” मी त्यांना बिदरच्याच महमूद गावानची आठवण दिली. बहमनी राज्याचा केवढा थोर वजीर, 1472 साली त्यानं बांधलेला मदरसा बघायला अजून माणसं येतात. शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, वर ओडिशाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं, आणि 1481 साली सुलतानानं त्याचं मुंडकं उडवलं. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे शिकवायला बिदरच्या माणसाला पुस्तक लागत नाही. मदरशापर्यंत रिक्षा केली तरी पुरे. दाजी विचारात पडले. मग म्हणाले, “पण त्यानं व्याज थकवलं नव्हतं ना?”

सावकाराकडं आम्ही तिघं गेलो. खरं तर बोलणी करायला दाजींनी जायचं, पण त्यांना तिकीट पडतं आणि अक्काला पडत नाही. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये प्रवास फुकट. त्यामुळं बँका, फायनान्स कचेऱ्या, सोसायटी, सगळीकडच्या फेऱ्या हळूहळू अक्काकडं गेल्या, आणि फेऱ्यांबरोबर कारभारही. उदगीरचं काम निघालं तर मात्र ती दाजींना पाठवते. तिकडं महाराष्ट्राच्या बसमध्ये बाईला अर्धं तिकीट लागतं, आणि जो खर्च भालकीत होत नाही तो उदगिरात का करायचा, हे तिचं तत्त्व.

सावकारानं चहा मागवला. मी विषय कायद्यावर नेला. मायक्रोफायनान्सवाल्यांचा आणि खासगी सावकारांचा जाच फार झाला तेव्हा 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं वटहुकूम काढला. जबरदस्तीनं वसुली केली तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. राज्यपालांनी तो आधी परत धाडला होता. कर्ज जास्तीत जास्त तीन लाखांचं आणि दंड पाच लाखांचा, हे जड होतंय, अशी त्यांची शंका. मग सही झाली. विनापरवाना सावकारानं दुर्बलाला दिलेलं कर्ज फिटलंच असं धरायचं, अशीही तरतूद त्यात आली.

सावकारानं शांतपणे ऐकलं. “कॅशियरसाब, कायदा बेंगळूरचा हाय. तिथनं निघालेली गाडी भालकीला किती उशिरा येतीय, तुम्हाला ठाव हाय.”

“पण येतीय,” अक्का म्हणाली.

एवढंच ती त्या बैठकीत बोलली. शेवटी ठरलं ते मुद्दल एकरकमी आणि पुढं व्याज बंद. निम्मे पैसे कलबुर्गीच्या अडतीवर घातलेल्या तुरीचे, निम्मे अक्काच्या बचत गटाचे, शेकडा एक रुपया दरानं. बचत गटांच्या कामात आमच्या बिदरच्या जिल्हा सहकारी बँकेचं नाव लांबवर गेलेलं आहे. तेव्हा साठ टक्क्यांची टोपी काढून बारा टक्क्यांची घालायला माझी हरकत नव्हती. सावकारानं कपाटातून चेकचा गठ्ठा काढला आणि एक आमच्या हातात ठेवला. तो भलत्याचाच निघाला. दुसरा दिला, तोही आमचा नव्हता. तिसऱ्या खेपेला दाजींची सही सापडली. तोवर गावात कोण कोण विश्वासाचा माणूस आहे ते आम्हाला कळून चुकलं. मी ‘पूर्ण रक्कम पोचली’ असं लिहून घेतलं, तारखेसकट.

फायनान्सवाल्याचा प्रश्न अक्कानं सोडवला. मायक्रोफायनान्सच्या वसुलीच्या फोनची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मी तिला कागदावर लिहून दिला होता. तो तिनं दाराच्या चौकटीला चिकटवला. वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकतीच्या घराला असं कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापुढं जाऊ नयेत, हाही नियम आहे. ते वाचून हॉर्नवाला म्हणाला, “अक्का, मग तुम्हाला आम्ही कर्ज दिलं कसं?” तिनं त्यालाच ते साहेबाला विचारायला पाठवलं. हप्ते लांबवून मिळाले. टीव्हीवाल्या कंपनीकडून फिटल्याचा दाखलाही आला, आणि स्कोअर पाचशे एक्काहत्तर झाला. दाजी आता पारावर बसून इतरांना मार्क विचारतात.

राहता राहिलं कार्ड. तुरीच्या शेवटच्या पट्टीतून वीस हजार शिल्लक होते. मी अक्काला वही उघडून दाखवलं की बेचाळीस टक्के आता सगळ्यात वर आहेत, पैसा तिथंच गेला पाहिजे, जावेचे पंधरा हजार बिनव्याजी आहेत, ती काही मागत नाही, तिला सगळ्यात शेवटी. गणितात चूक नव्हती. अक्कानं पूर्ण ऐकून घेतलं.

“ती मागत नाही, बोलतबी नाही,” अक्का म्हणाली. “तुझ्या त्या कार्डवाल्या बँकेची बायको मला दर मंगळवारी देवळात भेटती का?”

पैसे सकाळीच जावेकडं पोचले होते. उरलेले पाच कार्डात भर म्हणून तिनं माझ्या हातात दिले, आणि पावती आणायला बजावलं.